कानशीच्या रेघा

पट्टी आत गेली आणि आवाज झाला नाही.

ठिणगी शेडच्या दुसऱ्या टोकाला गुडघ्यावर बसून चाकाचे नट आवळत होती. पाठ इंजिनाकडे, तोंड भिंतीकडे, आणि मन कुठं होतं ते विचारू नका. गेले कित्येक दिवस ते कुणाच्या तरी अंगावर धावून जायला निमित्त शोधत होतं. कान मात्र धाकट्या भावाच्या हातापाशीच होते. बापानं घडवलेली ती लोखंडी पट्टी खाचेत बसताना कशी बोलते, हे तिला झोपेतही ओळखता आलं असतं. आधी ती अडते. मग रुसते. मग लाकडी हातोडीचा हलका टोला दिला की 'टक्' म्हणते आणि अशी बसते, जशी काही त्या खाचेतच जन्मली. आज धाकट्यानं ती नुसती सरकवली, अभ्र्यात उशी सरकवावी तशी.

"थांब," ती म्हणाली.

"झालं हिचं सुरू," धाकटा इंजिनातून मान वर न काढता म्हणाला. "ताई, तू टायर बघ. तुला टायर दिलेत ना बाबांनी?"

दिले होते. हेच तर दुखणं होतं.

या शेडमध्ये ठिणगी लहानाची मोठी झाली. ग्राइंडर सुरू झाला की बाकीची पोरं पळायची आणि ही ठिणग्या झेलायला हात पुढं करायची, म्हणून बापानंच हे नाव ठेवलं. पुढं त्यानंच तिला इंजिन शिकवलं. इंजिनाच्या पोटात खाली एक दांडा असतो, क्रँक. तो दट्टे वर-खाली करतो. डोक्यावर दोन दांडे असतात, कॅम. ते झडपा उघडतात, मिटतात. या तिघांना एका तालात बांधून ठेवतो तो रबरी पट्टा, टायमिंग बेल्ट. ताल चुकला की दट्टा वर येतो आणि झडप अजून उघडीच असते; मग धातूवर धातू आपटतो, झडपा वाकतात, इंजिनाचा जीव जातो. म्हणून पट्टा बदलायला काढला की तिन्ही दांडे जागच्या जागी जखडून ठेवायचे. क्रँकला एक खुंटी. दोन्ही कॅमच्या मागच्या टोकांना खाचा असतात, त्या दोन्ही खाचांतून आरपार एक सपाट पट्टी. दोन्ही खाचा एका रेषेत आल्या तरच ती आत जाते. जरा कमी नाही, जरा जास्त नाही.

कारखान्याची असली हत्यारं पेटीत मिळतात, मखमलीवर झोपलेली. बापानं ती कधी आणली नाहीत. खुंटी त्यानं मोडक्या ड्रिलच्या दांडीची केली आणि पट्टी आईच्या माहेरून आलेल्या लोखंडी खाटेच्या कडेची. प्रत्येक जातीच्या इंजिनाला वेगळी पट्टी, वेगळी खुंटी. सगळी भिंतीवरच्या फळीवर टांगलेली, आणि प्रत्येकीच्या भोवती पांढऱ्या रंगानं तिची आकृती काढलेली, म्हणजे जागा रिकामी दिसली की हत्यार इंजिनात राहिलंय हे कळावं. फळीखाली उभं करून बाप शिकवायचा, "पट्टी बसत नसेल तर पट्टी बरोबर, आपण चूक. तिला दोष द्यायचा नाही. आपण कुठं चुकलो ते शोधायचं." ठिणगीनं हे पाढ्यासारखं पाठ केलं होतं.

आणि तरी दूधवाल्याच्या गाडीचं इंजिन तिच्या हातून गेलं. तिनं पुल्यांवरच्या खुणा जुळवल्या, पट्टी घातली, खुंटी घातली, नवा पट्टा चढवला, ताण दिला. हातानं फिरवलं तेव्हा कुठंतरी जरा अडल्यासारखं वाटलं. पण पट्टी पुन्हा घालून बघितली तर ती गेली आत; गिऱ्हाईक डोक्यावर उभं, त्या घाईत 'टक्' झालं की नाही तिकडं कान गेला नाही. पट्टी गेली म्हणजे झालंच की! तिनं किल्ली फिरवली. इंजिनानं एक घोट घेतला, ठण् ठण् ठण् केलं आणि गप्प झालं.

दूधवाला तिथंच उभा होता. "मिस्त्री," तो बापाला म्हणाला, "यापुढं माझ्या गाडीला हिचा हात लागता कामा नये."

बाप काही बोलला नाही. संध्याकाळी मात्र म्हणाला, "ठिणगे, थोडे दिवस तू टायर बघ. इंजिन धाकटा बघेल." थोडे दिवस म्हणजे किती, ते ना तिनं विचारलं, ना त्यानं सांगितलं. रोज सकाळी धाकटा फळीवरून हत्यार काढायचा आणि ती चाकाशी बसायची. येणारा-जाणारा बघायचा आणि बघितलं नाही असं दाखवायचा. एकटी असली की ती तो दिवस पुन्हा पुन्हा उलगडायची. खूण चुकली का? पट्ट्याचे दात मोजायला चुकले का? बरोबर घातलं होतं. बरोबरच घातलं होतं. मग चुकलं कुठं?

आज तीच गाडी परत आली होती. इंजिनाचं डोकं दुसरीकडून दुरुस्त होऊन आलं होतं, झडपा नव्या. आज पट्टा चढवायचा, दुपारनंतर दूधवाला न्यायला येणार. आणि पट्टी न बोलता आत गेली होती.

ठिणगी पाना टाकून उठली. धाकट्याला कोपरानं बाजूला सारून तिनं पट्टीचं टोक चिमटीत धरलं आणि हलवलं. पट्टी हलली. कॅम जागचा ढळला आणि पट्टी त्याच्याबरोबर कलली, दात पडलेल्या तोंडात जीभ फिरावी तशी.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

"पट्टी आहे. काय आहे म्हणजे?"

"ही हलतेय."

"हलू दे की जरा. जुनी झाली."

"लोखंडाचं म्हातारपण असं असतं होय रे? एकाच टोकाला येतं?" तिनं पट्टी ओढून काढली, फडक्यानं पुसली आणि दारातल्या उजेडात धरली. एक टोक जसंच्या तसं, काळं, जाड. दुसरं टोक कडेला उतरत गेलेलं. निम्मी जाडी खाल्लेली; म्हणजे पट्टा चढवताना कॅम सरकला तरी ही आत जाणारच. वरून ग्रीस चोपडल्यामुळं आजवर दिसलं नव्हतं. ती फळीपाशी गेली आणि पट्टी तिच्या खिळ्यावर टांगली. पांढरी आकृती आणि लोखंड यांच्यात नखाएवढी फट. रोज याच फळीसमोरून ती गेली होती, रोज मान खाली घालून.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती नुसती गेली नाही. वाटेत जे सापडलं ते घेऊन गेली. सगळे अपमान, सगळे टायर, धाकट्याची ती "ताई, तू राहू दे" म्हणायची मऊ तऱ्हा.

"तू घासलीस!" ती ओरडली. "तुला बसवता आली नाही म्हणून घासलीस, आणि माझ्या हातात ही लंगडी दिलीस! इतके दिवस माझ्या तोंडाकडे बघत जेवलास कसा रे? घास उतरला कसा?"

"ए! मी नाही हात लावला."

"नाही तर कुणी? भुतानं?"

"ताई, शप्पथ. मला कानस धरता तरी येते का? तूच म्हणतेस, मी घासलं की लोखंड रडतं."

हे खरं होतं. ती म्हणायची, आणि खोटं म्हणत नव्हती. धाकट्यानं घासलेली कड उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायची. ठिणगीनं पट्टी पुन्हा काढली आणि बोटानं ग्रीस खरवडलं. खालची कड नीट होती. फार नीट. एका मापाच्या, एका अंतराच्या रेघा, शेजारी शेजारी; पेरणी केल्यासारख्या. सावकाश, मन लावून घासलेली कड. आणि त्या रेघा झुकल्या होत्या उलट्या बाजूला.

ती स्वतः घासायची तेव्हा रेघा उजवीकडे झुकायच्या. धाकटा घासायचा तेव्हा वेड्यावाकड्या का होईना, पण तशाच झुकायच्या. उजव्या हाताच्या माणसाच्या रेघा तशाच असतात. या शेडमध्ये डावखुरं माणूस एकच होतं.

बाप लोखंड आवळून धरायच्या वाइसपाशी स्टुलावर बसला होता. हातात एक बोल्ट, आणि त्यावर नट चढवत होता. बघत नव्हता, बोटांनी आटे शोधत होता. इतका आरडाओरडा झाला, तरी त्यानं मान वर केली नव्हती.

ठिणगीचा आवाज खाली आला. धाकट्यानं नंतर सांगितलं, की ओरडत होती ते बरं होतं.

"बाबा."

"हं."

"ही तुमची कानस आहे."

नट आट्यावर चढला नाही. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा निसटला.

"शिंप्याची गाडी आली होती," शेवटी बाप म्हणाला. "हेच इंजिन. तू आजारी होतीस, हा सुट्टे भाग आणायला गेलेला. पट्टी आत जाईना. मला वाटलं, टोक दुमडलंय. म्हणून जरा मारली कानस."

"जरा?"

"तरी जाईना. म्हणून आणखी मारली."

"पट्टी आत जाईना म्हणजे काय, बाबा? म्हणा ना. तुमचंच वाक्य आहे."

बापानं नट पुन्हा आट्याला लावला. धाकट्याच्या तोंडून मात्र सवयीनं निघून गेलं, "पट्टी बसत नसेल तर पट्टी बरोबर, आपण..." आणि त्यानं जीभ चावली.

"खुणा दोन-दोन दिसतात," बाप बोल्टला सांगितल्यासारखं म्हणाला. "पुलीवर एक खूण असते, मला दोन दिसतात. त्यातली खरी कुठली ते... बरेच दिवस झाले."

मग तिला दिसायला लागलं, जे समोर असून दिसलं नव्हतं. बशीत सांडलेला चहा. "धाकट्या, हे जरा वाच रे, माझे हात भरलेत." उजेडाकडे तोंड करून बसायची नवी सवय. डोळे गेले म्हणून राग येत नव्हता. त्याचं तिला वाईटच वाटलं. पण राग त्याच्याही खाली होता, खोल, आणि तो जागचा हलेना.

"माझं इंजिन ठोकलं, त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं? खरं सांगा."

"पहिल्या ठोक्याला कळलं."

"आणि गप्प बसलात."

"सगळे तुझ्याकडे बघत होते," बाप म्हणाला. "मीही तिकडंच बघितलं."

एखादा टोला उलट्या हातानं बसावा, तसं ते वाक्य तिला बसलं. तिनं हातातली पट्टी वाइसवर आदळली. रिकाम्या डब्यांच्या पोटात तिचा घणघणाट कितीतरी वेळ फिरत राहिला.

"मी रात्रंदिवस त्या पट्ट्याचे दात मोजत बसले, बाबा! माझ्या हातांचाच मला विश्वास वाटेना! चाकाचा नट आवळला तरी तीनदा बघते, की मोकळा तर नाही ना राहिला. तुमचे डोळे गेले ते गेले. माझे धड हात तुम्ही का घालवलेत?"

"ताई, अगं बाबा आहेत ते," धाकटा मध्ये पडला.

"तू बोलू नकोस! तुला तर फुकटात इंजिनं मिळाली!"

"मला काय हौस होती? मला भीती वाटते इंजिनाची!"

हे तो इतक्या कळवळून बोलला, की एरवी ती हसली असती. आज तिनं नुसतं शिडीकडे बोट दाखवलं. "चढ वर. माळ्यावर आईच्या खाटेची दुसरी कड आहे. काढ."

कड निघाली, धुळीत लोळलेली. ठिणगीनं ती वाइसमध्ये धरली. बापाला स्टूल मागं घ्यावं लागलं, तिनं त्याला 'सरका' म्हटलं नाही. हॅक्सॉनं तुकडा कापला. जुन्या पट्टीच्या धडक्या टोकाचं माप घेतलं, चुना लावून त्यावर रेघ ओढली आणि कानस उचलली. सर्र... खर्र. सर्र... खर्र. लोखंडाचा भुसा तिच्या मनगटावर उडायला लागला. राग हातात उतरला होता, पण हात चुकत नव्हता. हे तिचं तिलाच कितीतरी दिवसांनी दिसत होतं.

आईला सवय होती. बापाच्या तेलकट कपड्यांना घासणी मारता मारता ती ओळी जुळवायची, आणि ज्याला टोचायच्या त्याला बरोबर ऐकू जातील अशा बेतानं म्हणायची. आई गेली, ती सवय लेकीच्या ओठांवर ठेवून गेली. कानशीच्या ठेक्यावर ठिणगीच्या तोंडून ओळी सुटल्या:

*पट्टी घडविली बापानं, लेकीला शिकविलं माप,*
*घसरला हात बापाचा, लेकीच्या माथी पाप.*

पहिल्या ओळीला धाकटा कौतुकानं हसला. दुसरी ऐकून तो पुढ्यातले पाने उगाचच ओळीनं लावू लागला. ती पुन्हा म्हणाली. सर्र... खर्र. बापानं बोल्ट आणि नट दोन्ही खिशात घातले.

पट्टी होत आली तेव्हा दूधवाला आला. दारातच थबकला. "काय हो मिस्त्री, अजून तयार नाही? आणि ठिणगीबाई लांब आहेत ना माझ्या गाडीपासून? नाहीतर पुन्हा आग लागायची," म्हणून स्वतःच्याच विनोदाला हसला.

ठिणगीनं पट्टी वाइसमधून काढली, फुंकर मारून भुसा उडवला. बापानं हात पुढं केला. हा इथला रिवाज होता. नवं हत्यार घडलं की ते आधी बापाच्या तळहातावर जायचं. तो त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि 'हं' म्हणायचा. त्या 'हं'शिवाय फळीवर खिळा ठोकला जात नसे. इतक्या वर्षांत त्याचा हात पुढं आला आणि रिकामा राहिला, असं झालं नव्हतं.

ती पट्टी मुठीत धरून उभी राहिली.

"आधी त्यांना सांगा," ती म्हणाली.

"काय सांगायचंय?" दूधवाल्यानं विचारलं.

बापाचा हात हवेतच होता. "काही नाही रे," तो म्हणाला. "हत्यार जरा जुनं झालं होतं, झिजलं होतं. तेव्हा तुझं इंजिन—"

"झिजलं नव्हतं!" तिचा आवाज असा फुटला, की रस्त्यावरचा एक सायकलवाला पाय टेकून बघायला लागला. "हत्यारावर घालू नका, बाबा! माझ्यावर घातलंत, आता त्या मुक्या लोखंडावर घालताय? तुम्हीच शिकवलंत, तिला दोष द्यायचा नाही! मग एक तर सांगा, नाहीतर हे माझे पाने घ्या, मी चालले. चाकं आवळायला मला कुठलीही शेड चालेल."

ती हे बोलली आणि तिला कळलं, की आपण खरंच जाऊ. शेड एकदम परकी दिसली. पत्र्याचं छत, तेलानं काळी झालेली जमीन, फळीवरच्या पांढऱ्या आकृत्या. धाकट्यालाही कळलं. त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

बाप स्टुलावरून उठला. उठायला त्याला वाइसचा आधार घ्यावा लागला. दूधवाल्याच्या तोंडाकडे बघायला गेला आणि जरा बाजूलाच बघत राहिला. दोन-दोन दिसत असतील, त्यातला खरा कुठला हे ठरवत असेल.

"तुझं इंजिन मी बिघडवलं," तो म्हणाला. "ही पट्टी मी घासली. मला दिसत नाही नीट. हिच्या हातात खोटं हत्यार दिलं, आणि ही बोलणी खात होती तेव्हा गप्प बसलो. हिचा हात बरोबर होता. माझाच चुकला."

दूधवाल्यानं डोकं खाजवलं, जमिनीकडे बघितलं. "म्हणजे मी इतके दिवस सगळ्यांना सांगत फिरलो, की हिच्या..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "मग आता करणार कोण?"

"मी," ठिणगी म्हणाली. "आणि ज्यांना ज्यांना सांगत फिरलात, त्यांना आता हेही सांगत फिरा."

तिनं पट्टी बापाच्या तळहातावर ठेवली. अंगठा कडेवरून गेला, परत आला, टोकाशी थांबला. बोटांना अजून सगळं दिसत होतं. त्याच्या तोंडून 'हं' निघाला नाही. त्यानं नुसती मान हलवली आणि पट्टी परत दिली. तिनं ती घेतली, त्याच्या तोंडाकडे न बघता.

इंजिनावर वाकून तिनं दोन्ही कॅम जागेवर आणले. पट्टी लावली. ती अडली. रुसली. ठिणगीनं लाकडी हातोडी मागितली, धाकट्यानं ती लगेच हातात दिली. हलकासा टोला.

टक्.

शेडमधल्या चौघांनाही ऐकू गेलं. मग खुंटी, मग पट्टा, मग ताण. पट्टी काढून तिनं इंजिन हातानं फिरवलं, कुठं अडतंय का ते मनगटानं ऐकत. पुन्हा जागेवर आणून पुन्हा पट्टी लावली. टक्. आता मनात किंतु उरला नाही. तिनं किल्ली फिरवली, आणि इंजिन पहिल्या घोटात सुरू झालं, एका सुरात, जसं त्या दिवशी व्हायला हवं होतं. दूधवाला मोठ्यानं "वा!" म्हणाला. तिनं ते झेललं नाही.

गाडी गेल्यावर बाप फळीपाशी गेला. खिळ्यावरची रिकामी आकृती चाचपत म्हणाला, "ती जुनी दे इकडं. भंगारात टाकतो."

"नाही," ठिणगी म्हणाली. तिनं जुनी पट्टी तिच्याच खिळ्यावर टांगली, फटीसकट. "ही इथंच राहील. नव्या पट्टीला नवा खिळा, आणि तिची आकृती मी काढणार." मग तितक्याच कडक आवाजात, "आणि उद्या शिंप्याची गाडी बोलवा. ती खोकतेय म्हणून तो इंधनाला शिव्या देत फिरतोय. मी उघडेन. त्याला काय सांगायचं ते तुम्ही सांगाल."

"सांगेन."

"आणि डोळे दाखवायला जायचंय. धाकटा नेईल."

"नेईन की," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी सुटका होती, की इंजिनापेक्षा आंधळा बाप सांभाळणं त्याला सोपं वाटत असावं.

नव्या जागी तिनं खिळा ठोकला. पट्टी टांगली. पांढऱ्या रंगाचा डबा उघडेना. झाकण वाळून चिकटलं होतं. बापानं डबा तिच्या हातातून घेतला आणि डाव्या हातानं, कानशीच्या टोकदार शेपटीनं, कडेनं फिरत फिरत झाकण उचकटून दिलं. ठिणगीनं ब्रश बुडवला. आभार मानले नाहीत, आणि त्यानंही वाट बघितली नाही. ती पट्टीच्या भोवतीनं रेघ ओढू लागली, अगदी कडेला चिकटून, कुठं केसाएवढीही फट न ठेवता. हात अजून रागानं गरम होता. रेघ सरळ आली.